हरकत असल्यास उभे राहावे

सोमवार, २९ ऑगस्ट १८९२

आज दुपारी कॉबसाहेब स्वतः छापखान्यात आले. हे पाटबंधारे मंडळाचे वकील. आमच्या धुळीच्या गावात ज्याचे बूट कायम पुसलेले असतात असा एकमेव माणूस. आणि मी नेमकी कोपरापर्यंत शाईत! त्यांनी हॅट काढली आणि म्हणाले, "मिसेस पेक, मंडळाची जाहीर नोटीस आहे. तीन आठवडे लागोपाठ छापायची. मी म्हटलं, ही 'क्लॅरियन'मध्येच गेली पाहिजे."

माझा नवरा थॅडियस गेल्यापासून हे साप्ताहिक मी एकटी ओढतेय आणि आजवर एकही सरकारी नोटीस आमच्या वाट्याला आली नव्हती. सगळ्या त्या जिल्ह्याच्या मोठ्या पेपरला जातात. मी आभार मानत होते तेवढ्यात मागे गस खोकला. गस माझा जुळारी, छपाईचे खिळे जुळवणारा. थॅडियसच्या वेळचा, दर सोमवारी दारू सोडणारा. साहेब गेल्यावर म्हणतो कसा, "बाई, सगळ्यांनी वाचावी असं वाटलं असतं तर मोठ्या पेपरात दिली असती."

"म्हणजे आपला पेपर कोणी वाचत नाही म्हणतोस?"

"वाचतात की. मी वाचतो. उलटा."

मेल्याला एक दिवस काढून टाकीन.

नोटिशीतलं प्रकरण साधं आहे. मंडळाला कालव्यासाठी कर्जरोखे काढायचे आहेत. सान फ्रान्सिस्कोच्या बँका म्हणतात, आधी कोर्टाची मंजुरी आणा, मग आम्ही रोखे घेतो. उद्या कोणी शेतकरी उठून हे बेकायदेशीर म्हणायला नको. म्हणून ४ ऑक्टोबरला सुनावणी. कर्जाचा बोजा मात्र मंडळात येणाऱ्या सगळ्या जमिनींवर, वरच्या माळावरच्याही आणि खालच्या नदीकाठच्याही. जो आपला वाटा भरणार नाही त्याच्या जमिनीचा लिलाव. खरं तर कालवा जाणार वरच्या माळाला. नदीकाठाला उपजतच ओल आहे, तिथे कालव्याचं पाणी घेऊन करायचं काय? मी तसं बोलून दाखवलं. कॉबसाहेब म्हणाले, "म्हणूनच तर सुनावणी ठेवतात. ज्याला खटकतं त्याने यावं आणि सांगावं." बोलतो मात्र छान.

शुक्रवार, २ सप्टेंबर

नोटीस छापून झाली. पहिल्या पानावर घ्यायची माझी इच्छा होती. साहेबांनी निरोप पाठवला की शेवटच्या पानावर, गुरांच्या औषधांच्या जाहिरातीखाली चालेल. किती साधेपणा!

रविवार, ४ सप्टेंबर

हेटीकडे जेवायला गेले. हेटी माझी थोरली बहीण. एझ्रा फ्लोरीशी लग्न केलं तेव्हाच ती त्याच्या ख्रिस्ती बंधुपंथात गेली आणि तेव्हापासून डोक्यावर ती पांढरी टोपी आली. नदीकाठची बहुतेक जमीन या बंधुपंथी लोकांचीच आहे. ही दोघं आली तेव्हा हेटीच्या रानात नुसती दलदल होती. चर खणून खणून त्यांनी ती जमीन कोरडी केली, अक्रोड लावले. तिची दोन मुलं त्याच अक्रोडांच्या पलीकडे पुरलेली आहेत. त्यामुळे ती कधी कुठे राहायला जात नाही. माझ्याकडेसुद्धा नाही.

एझ्रा वर्तमानपत्र वाचत नाही, त्याच्या मते ते ऐहिक असतं. म्हणून जेवताना मीच नोटीस वाचून दाखवली. "'सदर मंडळात ज्यांचे स्वारस्य असेल अशा कोणाही व्यक्तीने हजर राहून आपले म्हणणे मांडावे.'"

एझ्राने तोंडातलं बीट सावकाश संपवलं. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "आमचं काही स्वारस्य नाही."

"अहो, स्वारस्य म्हणजे..."

"आम्हांला कालवा नको. कर्ज नको. ज्यांना हवंय त्यांनी जावं."

"कायद्यात स्वारस्य म्हणजे हौस नव्हे हो! ज्याची जमीन आत येते तो प्रत्येक जण. तुम्हीसुद्धा. तुम्ही तर आधी!"

"ड्रुसिला, एवढ्या साध्या शब्दाचा अर्थ वकिलाला विचारून ठरवायचा असेल, तर त्या वकिलाशी बोलण्यात काय हशील?"

हेटी मला वाढता वाढता हसत होती. "ड्रूसी, तू यांच्याशी वाद घालून कधी जिंकलीस गं? घे, अजून मका घे." शिवाय त्यांच्या पंथात कोर्टाची पायरी चढत नाहीत, शपथ घेत नाहीत, शेजाऱ्यावर दावा लावत नाहीत. मला तर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण मका चांगला होता.

बुधवार, ७ सप्टेंबर

कॉबसाहेब प्रूफ बघायला आले. नोटीस तीच, खिळे तेच, प्रूफ काय बघायचं? पण आले, आणि येताना माझ्यासाठी समुद्रातली डबाबंद कालवं घेऊन आले. बराच वेळ बसले. माझे अग्रलेख पुरुषाने लिहिल्यासारखे जोरकस असतात म्हणाले. हेटीची चौकशी केली. बंधुपंथी लोकांबद्दल त्यांना किती कुतूहल! ते शपथ का घेत नाहीत, त्यांच्या सभेत बायकांना मत असतं का, एखादी गोष्ट ते ठरवतात कशी. शेवटचं मला ठाऊक नव्हतं. त्यांची सभा बाहेरच्यांसाठी बंद असते. रविवारी विचारून सांगते म्हटलं. या गावात कोणाला कोणाच्या चालीरीतींची पडलेली नसते, आणि हा एवढा शिकलेला माणूस मन लावून ऐकतो.

साहेब गेल्यावर गस म्हणाला, "बाई, तुम्हांला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय तो."

मी म्हटलं, तू खिळे जुळव.

रविवार, ११ सप्टेंबर

हेटीला विचारलं. ती साय घुसळत होती, घुसळता घुसळता सांगितलं. त्यांच्या सभेत पंथाचे प्रमुख, एल्डर गार्स्ट, प्रश्न मांडतात. ज्याला पटलं तो उठून उभा राहतो. ज्याला नाही पटलं तो बसून राहतो. कोणी कोणाला वाईट बोलत नाही, हात वर करत नाही, भाषण ठोकत नाही. सगळे उभे राहिले तर गोष्ट ठरली. बरेच बसून राहिले तर ती तिथेच पडली, पुन्हा विषय नाही.

"म्हणजे नाही म्हणायचं असेल तर काहीच करायचं नाही?"

"बसून राहणं म्हणजे काहीच नाही होय? बसून बघ एकदा, सगळे उभे असताना," हेटी म्हणाली.

मंगळवार, १३ सप्टेंबर

कॉबसाहेबांना सांगितलं. ते इतके खूश झाले की टेबलावर थाप मारली. "नाही म्हणायला नुसतं बसून राहायचं! मिसेस पेक, हे किती सुंदर आहे!" दोनदा विचारून खात्री करून घेतली, अगदी बायकासुद्धा का वगैरे. मला हेटीचा अभिमान वाटला.

करड्या रंगाची हॅट मागवली आहे. जुनी तशीही झिजली होती.

शनिवार, १७ सप्टेंबर

काल नोटीस तिसऱ्यांदा छापली आणि आज सकाळी चहा घेताना तिची शेवटची ओळ डोक्यात शिरली. ती ओळ मी माझ्या हाताने जुळवलेली! 'जे हजर राहून हरकत घेणार नाहीत त्यांस अर्जातील सर्व मजकूर मान्य आहे असे धरण्यात येईल.' मी मजकूर जुळवते तेव्हा अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. गसलाही नाही दिसला. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हांला कळलं असेल."

म्हणजे नदीकाठचे लोक घरी बसले की झालं, मान्य!  तशीच कॉबसाहेबांच्या ऑफिसात गेले. मला वाटलं चिडतील. पण छे. "मग आणा त्यांना," ते म्हणाले. "सगळ्यांना आणा. कोर्ट भरलेलं असलं की जज्जसाहेबांनाही बरं वाटतं. मिसेस पेक, हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही." हा माणूस मंडळाचा वकील, आणि स्वतःच्या विरोधकांना बोलवायला सांगतोय! अशी न्यायबुद्धी मी पाहिलेली नाही.

रविवार, १८ सप्टेंबर

जमलं! पण काय घाम गाळला. हेटीच्या ओट्यावर एल्डर गार्स्ट, एझ्रा, आणखी दोघे दाढीवाले, आणि मी एकटी. एल्डर म्हणजे झुडपाएवढी दाढी आणि दोन निळे डोळे, बाकी काही दिसत नाही. ते म्हणाले, "आम्ही दावा लावत नाही."

"दावा नाही लावायचा. नुसतं यायचं."

"शपथ घेत नाही."

"नका घेऊ. पण तिथे असा तरी! घरी राहिलात तर मान्य आहे असं लिहितात."

हे त्यांना फार विचित्र वाटलं. घरी राहिलेल्या माणसाचा होकार कसा धरतात, हे ते मलाच विचारत राहिले, जणू कायदा मी केला. शेवटी एल्डर म्हणाले, "जाऊ. पण कोणी उभं राहायचं नाही. आपण आपल्या रीतीने जाऊ." एझ्राने मान डोलावली. हेटीने आतून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बघ, जिंकलीस तू." मला रडूच आलं.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

आज झालं ते क्रमाने लिहून ठेवते.

सकाळी नदीकडच्या रस्त्यावर बग्ग्यांची रांग लागली होती. बंधुपंथी सगळेच्या सगळे आले. पुरुषांच्या रुंद काळ्या टोप्या, बायकांच्या पांढऱ्या. कोर्टाचे बाक भरले, मग मागच्या भिंतीलगत खुर्च्या मांडल्या. पुढच्या दोन रांगांत गावातले व्यापारी आणि माळावरच्या जमिनीवाले. मी नव्या हॅटमध्ये वार्ताहराच्या टेबलाशी. हेटी अगदी मागे, एझ्राच्या शेजारी. तिने मला बघून हात हलवला.

कारकुनाने अर्ज वाचला. मग कॉबसाहेब उठले. "जज्जसाहेब, आज लोकांनी एवढी आस्था दाखवली आहे. एकेकाला विचारत बसलो तर दिवस जाईल. माझी विनंती, ज्यांची हरकत असेल त्यांनी उभं राहावं. ज्यांची हरकत नाही त्यांनी बसून राहावं."

जज्ज टिलॉटसन म्हणाले, "सोयीचं आहे." आणि त्यांनी तसं विचारलं.

कोणी हललं नाही. एक खुर्ची वाजली नाही. एवढी माणसं, आणि सगळी ताठ, पुरुषांच्या टोप्या मांडीवर, नुसता श्वास घेत बसलेली. मी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. एल्डर गार्स्टनी डोळे मिटले होते. एझ्राचा जबडा आवळलेला. आणि हेटी माझ्याकडे बघत होती, गाल लाल, डोळे चमकणारे. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हे सगळे नाही म्हणताहेत. जीव तोडून नाही म्हणताहेत.

जज्जनी दुसऱ्यांदा विचारलं.

मी उठले. म्हणजे पूर्ण नाही. पण खुर्ची मागे सरकली आणि तिचा आवाज सगळ्या कोर्टभर झाला. माझा छापखाना मंडळाच्या हद्दीत येतो. मला हरकत घेता येत होती. मला सांगता येत होतं की जज्जसाहेब, थांबा, यांची रीत उलटी आहे.

"मिसेस पेक," जज्ज म्हणाले, "आपली हरकत आहे?"

सगळे व्यापारी वळून बघायला लागले. कॉबसाहेबही वळले. ते रागावले नव्हते. पाहुण्यांसमोर पोर काही बोलून गेलं तर आपण भुवई उचलतो ना, तेवढीच उचलली त्यांनी.

"नाही, जज्जसाहेब," मी म्हणाले. "पेन्सिल पडली."

पुढच्या रांगेत हशा पिकला. मी खाली वाकून पेन्सिल शोधल्यासारखं केलं. पेन्सिल हातातच होती. वर आले तोवर जज्ज सांगत होते की भरगच्च कोर्टात एकाचीही हरकत नाही, असा एकमुखी पाठिंबा त्यांनी आजवर पाहिला नाही. मंजुरी.

बाहेर पायऱ्यांवर हेटीने मला गाठलं. "झालं ना? एकसुद्धा उठलं नाही बघ! आमच्यातली एक पोरगी गरोदर आहे ना, तिला कळ आली तरी उठली नाही." मी तिला तिथेच सोडून कॉबसाहेबांच्या मागे धावले, तर ते स्टेशनला निघून गेले होते. गाडी आधीपासून ठरलेली होती.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

कोर्टाच्या कारकुनाकडे जाऊन आले. निकालापासून दहा दिवसांत, म्हणजे १४ तारखेपर्यंत, एखाद्या जमीनमालकाने अर्ज केला की आमचा गैरसमज झाला, तर जज्ज प्रकरण पुन्हा उघडू शकतात. पण अर्ज शपथेवर पाहिजे.

तिथून तडक हेटीकडे. सांगून टाकलं. एझ्राने सगळं ऐकून घेतलं, मग उठून बाहेर रानात गेला. मला हेटीला तीनदा समजावून सांगावं लागलं. ती एकच म्हणत राहिली, "पण आम्ही सगळे बसून होतो ना गं!"

"तेच तर. तिथे बसणं म्हणजे हो."

"असं कसं? बसून कोणी हो म्हणतं का?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवेना. परवा त्यांची सभा आहे. शपथेवर अर्ज करायचा की नाही ते तिथे ठरेल. वकिलाला हे सुचलं कसं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वकील लोकांना काय, काहीही सुचतं.

सोमवार, १० ऑक्टोबर

हेटी आज छापखान्यात आली. या छापखान्यात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. गसने तिच्यासाठी स्टूल पुसलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसला.

सभेत एल्डरनी प्रश्न मांडला. कोर्टात शपथ घेऊन अर्ज करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं. सगळे बसून राहिले. एझ्रासुद्धा. जमीन जाईल हे माहीत असून बसले.

"आणि मी उभी राहिले," हेटी म्हणाली.

"तू?"

"मी एकटी. पुढचा बाक घट्ट धरून उभी होते, ड्रूसी. एझ्रांनी वर बघितलं नाही. एल्डर बराच वेळ थांबले, मला वाटतं मी बसावं म्हणून. मी नाही बसले." मग ती माझ्याकडे बघून हसली, लहानपणी हसायची तशी. "तुझं बघून धीर आला मला. कोर्टात तूही एकटीच उठली होतीस. मी पाहिलं ना मागून! काय म्हणालीस गं जज्जना? आम्हांला ऐकू नाही आलं, पुढचे लोक तुला हसले तेवढं दिसलं. मला इतका राग आला त्यांचा."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं.

"हरकत आहे म्हणाले," मी म्हटलं.

तिने माझे शाईचे हात हातात घेतले आणि तिच्या पांढऱ्या कफला डाग पडला तरी सोडले नाहीत. मग म्हणाली, "मग तू अर्ज करशील? तुझी जमीन आहे इथे. तुला शपथ चालते. तू एकटीने केला तरी उघडतील ना ते?"

करते म्हणाले. काय करणार होते दुसरं?

मंगळवार, ११ ऑक्टोबर

कारकुनाकडून अर्जाचा कागद आणला. त्याला म्हटलं, निकालपत्रात मी उठले होते अशी नोंद आहे का? तो म्हणाला, "पेन्सिलीसाठी ना, बाई?" आणि हसला. मग समजावून सांगितलं की त्या घडीला तुम्हांला काय ठाऊक होतं, ते कसं ठाऊक होतं, आणि तुम्ही काय बोललात, हे सगळं शपथेवर लिहा. तेवढं असलं तर जज्जना प्रकरण उघडावं लागेल.

तेवढं असलं तर!

गुरुवार, १३ ऑक्टोबर

काल दिवसभरात दोन ओळी लिहिल्या. 'मी, ड्रुसिला पेक, शपथेवर लिहून देते की बंधुपंथी लोकांची सभेची रीत मला ठाऊक होती.' पुढे जमेना.

आज दुपारी कॉबसाहेब आले. सान फ्रान्सिस्कोहून परतले, रोखे विकले गेले; घरी बसलेल्यांचा धरलेला होकार बँकांना पुरला नसता, भरल्या कोर्टातला पुरला म्हणाले. मी बसा म्हटलं नाही तरी बसले. अर्जाचा कागद टेबलावरच होता, तो त्यांनी वाचला. मी फाडकन म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत."

"मी तुम्हांला विचारलं," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत. माणसं आणलीत तुम्हीच. आणि उभं राहून बसलातही तुम्हीच. यात मी एकही शब्द खोटा बोललेलो नाही." आवाज अगदी तसाच, मऊ. "जरूर द्या अर्ज. फक्त हे सगळं उघड्या कोर्टात वाचलं जाईल. तुमच्या बहिणीसमोर."

जाताना हॅट काढून नमस्कारसुद्धा केला. त्याच्या अंगावर शाईची बाटली फेकावी असं वाटलं. फेकली नाही. माझं सगळं असंच, वाटून राहतं.

एक ओळ आणखी लिहिली. पेन्सिलीचं लिहिताना कागद भिजला.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

पेपर वेळेवर निघाला. डोकं दुखत होतं म्हणून कोर्टाकडे गेले नाही. कारकुनाचं ऑफिस पाचला बंद होतं.

रविवार, १६ ऑक्टोबर

हेटीला सांगितलं की अर्ज केला, जज्जनी ऐकला नाही. ती म्हणाली, "तू तरी काय करणार, एकटी."

हे लिहिल्यावर मला जरा बरं वाटेल असं वाटलं होतं.

रविवार, २० नोव्हेंबर

एझ्राने जमीन विकली. माळावरच्या जमिनीवाल्यांनी काढलेल्या कंपनीच्या एजंटाला, तो देईल त्या किमतीला. लिलाव होऊन जाण्यापेक्षा बरं, असं त्यांचं म्हणणं. नदीकाठचे आणखीही बरेच विकताहेत. वसंतात सगळे ऑरेगॉनकडे निघतील, तिथे पंथाची थोडी माणसं आहेत. हेटी आता साठीची आहे. अक्रोडांपलीकडच्या त्या दोन कबरींना कुंपण घालायला एजंटाने परवानगी दिली, त्याबद्दल ती त्याचे आभार मानत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

सभेत उभी राहिल्याबद्दल तिला सगळ्यांची माफी मागायला सांगितलं होतं. तिने मागितली नाही. म्हणून गेल्या महिन्याच्या पंथाच्या पवित्र जेवणाला तिला बसू दिलं नाही. ती बाहेर बग्गीत बसून राहिली, आणि हे मला तिने नाही, एझ्राने सांगितलं.

मी निघताना तो बग्गीपर्यंत सोडायला आला. इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. हातात मातीचा मोठा बरणा, सफरचंदाचा आटवलेला गर भरलेला, हेटीने या मोसमात केलेला. त्याने तो माझ्या पायाशी ठेवला, टोपी काढली आणि खाली बघत म्हणाला, "ड्रुसिला, मी तुझ्या पेपरबद्दल फार वाईट बोलत आलो. त्या दिवशी कोर्टात एवढी आमची माणसं होती, पण आमच्यासाठी उभी राहिली ती तू एकटी. पंथातल्या मुलांना हे सांगतो आम्ही सगळे."

मी घोड्याला हाकारलं. काय बोलले आठवत नाही, बहुतेक थंडी पडली असं काहीतरी.

बरणा इथे टेबलावर आहे. गसने त्यातला गर पावाला लावून खाल्ला, फार छान झालाय म्हणाला. मी त्याला हात लावलेला नाही. ती मंडळी जायच्या आत रिकामा करून, धुऊन परत द्यायला हवा, हेटीकडे तेवढाच एक मोठा आहे.